‘लवकर होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी

अशक्तपणा वाटतो, अंगात ताकद राहिली नाही, एखादं टॉनिक लिहून द्या. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना ही तक्रार पाठ असते. रक्तदाब बरोबर, हिमोग्लोबिन बरोबर, वजनही घटलेलं नाही. माणूस चिठ्ठी घेऊन उठतो, दारापर्यंत जातो, सोबत आलेला भाऊ बाहेर गेल्याची खात्री करतो आणि मग आवाज खाली आणून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, लै लवकर होतंय.”

परळी वैजनाथसारख्या गावात एवढं बोलायलाही धीर लागतो. कंपाउंडर आपल्याच गल्लीतला असतो, मेडिकलवाला सासरच्या नात्यातला निघतो आणि मोंढ्यात एकदा शब्द सुटला की तो घरी पोचायला वेळ लागत नाही. म्हणून बहुतेक जण बोलतच नाहीत. मित्राने सांगितलेली गोळी, भिंतीवर रंगवलेला फोन नंबर आणि मोबाइलवर येणाऱ्या जाहिराती यांतच वर्षं निघून जातात. ज्या त्रासाची ओळख पंधरा मिनिटांच्या बोलण्यात पटते आणि ज्यावर उपचार आहेत, तो इतकी वर्षं उरी बाळगावा लागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी घोटाळा कुठे होतो ते पाहू. ‘कमजोरी’ किंवा ‘टायमिंग नाही’ असं सांगणाऱ्या पुरुषाला चार वेगवेगळ्या गोष्टींपैकी कोणतीही असू शकते. पहिली म्हणजे संभोगात वीर्य लवकर बाहेर पडणं, तेच शीघ्रपतन. दुसरी म्हणजे ताठरता न येणं किंवा आलेली न टिकणं. तिसरी, झोपेत किंवा लघवीसोबत ‘धातू जातो’ अशी धास्ती, आणि तो बहुतेक वेळा आजारच नसतो. चौथी म्हणजे इच्छाच कमी होणं. चारींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. ज्याला ताठरतेचा काहीच त्रास नाही तो ताठरतेची गोळी घेतो, त्याचं शीघ्रपतन तसंच राहतं आणि ‘आपल्यावर औषधही चालत नाही’ अशी नवी भीती मात्र मनात घर करते.

शीघ्रपतन ओळखताना डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात, आणि ‘एकत्र’ हे इथे फार महत्त्वाचं आहे. एक, वेळ. दोन, ताबा, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वेळी वीर्यपतन थोपवणं अशक्य होणं. तीन, त्यामुळे त्या माणसाला किंवा जोडप्याला होणारा मनस्ताप, कुढणं, जवळीक टाळणं. लैंगिक वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये पक्की केलेली व्याख्या अशी आहे: ज्यांना पहिल्या संबंधापासून हा त्रास आहे त्यांच्यात योनीप्रवेशाच्या आधीच किंवा नंतर साधारण एका मिनिटाच्या आत वीर्यपतन होतं. ज्यांचं पूर्वी नीट चाललं होतं आणि नंतर बिघडलं, त्यांच्यात ही वेळ लक्षात येण्याइतकी घटून बऱ्याचदा तीन मिनिटांवर किंवा त्याहून खाली येते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेने आणखी एक अट आधीच घातली होती. हे किमान सहा महिने चाललेलं असावं आणि दर चार वेळांपैकी किमान तीन वेळा घडलेलं असावं.

सहा महिन्यांची ही अट प्रत्येक नवरदेवाला सांगायला हवी असं मला वाटतं. आपल्याकडे लग्न ठरलं की मित्रांच्या घोळक्यात पहिल्या रात्रीच्या गप्पा रंगतात आणि दुसऱ्या दिवशी ‘किती वेळ?’ ही चौकशी होते. पाहुण्यांनी भरलेलं घर, दाराबाहेर झोपलेली माणसं, समोर जेमतेम ओळखीची मुलगी आणि स्वतःच्या अंगाचीही पुरती ओळख नाही. अशा वेळी लवकर होणं हेच बहुधा घडतं. बऱ्याच दिवसांच्या अंतराने नवराबायको एकत्र आले तरी असंच होतं. यातलं काहीच आजारात मोडत नाही. काही आठवड्यांत सराव होतो, घाबरेपणा ओसरतो आणि वेळ आपोआप वाढते. पण त्याच आठवड्यांत एखाद्याने ‘तुझ्यात दोष आहे’ हे मनात भरवलं, तर प्रत्येक वेळ परीक्षेची होते आणि जे सुटायचं होतं ते आवळलं जातं.

मग खरोखर वेळ लागतो तरी किती? याचं उत्तर अंदाजाने न देता मोजून द्यायचं नेदरलंड्सचे संशोधक मार्सेल वाल्डिंगर यांनी ठरवलं. त्यांनी नेदरलंड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ५०० जोडप्यांच्या घरी स्टॉपवॉच दिलं. योनीप्रवेशापासून वीर्यपतनापर्यंतचा वेळ मोजायचा होता. २००५ मध्ये आकडे छापले गेले. पुरुष ओळीत उभे केले तर बरोबर मधल्याचा वेळ ५.४ मिनिटं निघाला. सगळ्यांत कमी वेळ साधारण अर्ध्या मिनिटाचा आणि सगळ्यांत जास्त ४४ मिनिटांचा. म्हणजे निम्मे पुरुष साडेपाच मिनिटांच्याही आत मोकळे होतात.

अर्ध्या तासाच्या गप्पा मारणाऱ्या मित्राची आणि मोबाइलवरच्या अश्लील चित्रफितीची या आकड्यासमोर काय किंमत राहते ते बघा. ती चित्रफीत कापून जोडलेली असते, अनेकदा तिच्यामागे औषधंही असतात. पण पाहणारा स्वतःला तिच्याशीच ताडून पाहतो. म्हणून पाहण्यांमध्ये एक विचित्र गोष्ट आढळते. ‘आपलं लवकर होतं’ असं सांगणारे पुरुष पाचातला एक ते तिघांतला एक इतके भरतात, पण वर सांगितलेल्या पूर्ण कसोटीला उतरणारे शंभरात चाराहून अधिक नसावेत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. मधले सगळे लोक खोटं बोलत नाहीत. त्यांचा त्रास खरा आहे, पण तो वेळेच्या चुकीच्या कल्पनेतून, नात्यातल्या ताणातून किंवा कधीमधी होणाऱ्या साध्या चढउतारातून आलेला आहे. त्यांना बहुतेक वेळा गोळी लागत नाही. नीट माहिती मिळाली, दोघांचं बोलणं झालं तरी त्यांचं भागतं.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. वीर्यपतन ही मज्जारज्जूतून चालणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात पुरःस्थ ग्रंथी आणि वीर्यकोश यांतला स्राव मूत्रमार्गाच्या मागच्या भागात येऊन जमतो आणि मूत्राशयाचं तोंड मिटतं. दुसऱ्या टप्प्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आचके देत तो बाहेर फेकतात. पहिला टप्पा सुरू झाला की माणसाला ‘आता होणार’ हे कळतं, पण तेव्हा थांबवणं हाती राहत नाही. आलेली शिंक आवरत नाही, तसंच. ताबा ठेवायचा तर तो त्या क्षणाच्या आधी. म्हणून सगळे सराव या आधीच्या काही क्षणांची ओळख करून देण्यावर उभे आहेत.

ही क्रिया कधी सुटावी यावर मेंदूचा लगाम असतो आणि त्या लगामात सेरोटोनिन या रसायनाचा मोठा वाटा आहे. मेंदूच्या काही भागांत सेरोटोनिनचा प्रभाव वाढला की वीर्यपतन लांबतं. काही पुरुषांमध्ये हा लगाम जन्मतःच सैल असावा असं दिसतं. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचाही काही वाटा आढळला. पहिल्या संबंधापासून चालत आलेलं शीघ्रपतन हे बहुधा असं जैविक ठेवणीचं असतं. चारित्र्य, संस्कार, खुराक, मर्दानगी यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

मध्येच सुरू झालेला त्रास मात्र वेगळा. तिथे ‘आत्ताच का?’ हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण मागे दुसरा आजार असू शकतो. सगळ्यांत जास्त वेळा मागे ताठरतेचा त्रास असतो. ताठरता टिकेल की नाही या धास्तीने माणूस घाईने उरकतो आणि डॉक्टरला फक्त घाई सांगतो. ताठरता कमी होण्यामागे मधुमेह, रक्तदाब, तंबाखू असतात आणि कधी पुढे येणाऱ्या हृदयविकाराची ती पहिली खूण ठरते. म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसाचं ‘टायमिंग’ अचानक बिघडलं तर साखर तपासून घ्यावीच. पुरःस्थ ग्रंथीला सूज असली तर लघवीला जळजळ आणि ओटीपोटात दुखणंही सोबत असतं. थायरॉइड जास्त काम करू लागली तर छातीत धडधड, हाताला कंप, वजन घटणं आणि त्याबरोबर शीघ्रपतन असं दिसतं. इटलीतल्या एका अभ्यासात अशा रुग्णांपैकी निम्म्यांना शीघ्रपतन होतं. थायरॉइडवर उपचार झाल्यावर ते प्रमाण १५ टक्क्यांवर उतरलं. रक्ताची एक साधी तपासणी आणि त्यामागे अख्खं दुखणं सापडतं, अशी संधी वैद्यकात रोज मिळत नाही.

अफूचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. अफू आणि तिच्या कुळातली औषधं वीर्यपतन लांबवतात हे जुनं ज्ञान आहे, आणि म्हणूनच काही ‘खास’ पुड्यांमध्ये ती मिसळली जाण्याचा धोका असतो. सुरुवातीला गुण येतो. मग शरीराला सवय लागते आणि पुडी थांबली की शीघ्रपतन पहिल्यापेक्षा जास्त होतं. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीचंही तेच. ती काही जण मित्राच्या सल्ल्याने घेतात. गोळी व्यसन लावणारी आहे, चिठ्ठीशिवाय घेऊ नये. दारूचं निराळं नाही. एखाद्या वेळी ती वेळ वाढवल्यासारखं भासवते आणि रोजची झाली की ताठरताच खाऊन टाकते.

परळीच्या बीड जिल्ह्यावर लिहिताना ऊसतोडीला बाजूला ठेवता येत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारात उठायचं, दिवसभर तोडणी, रात्री-अपरात्री गाडी आली की भरणी. राहायला कोपी, शेजारी दुसरी कोपी, आत मुलं झोपलेली. अशा ठिकाणी नवराबायकोचा संबंध चोरून, आवाज न करता, घाईघाईत उरकायचा असतो. घाईची सवय लागून शीघ्रपतन होतं असं मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० च्या सुमारास मांडलं होतं, पण त्याला पुढे भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणून कोपीमुळे आजार होतो असं मी म्हणणार नाही. एवढं मात्र खरं की जिथे एकांत नाही तिथे सराव नाही, बोलणं नाही आणि ज्याला आधीच त्रास आहे त्याला तो सुधारायला जागाच मिळत नाही. गावातल्या पत्र्याच्या एका खोलीत आई-वडील आणि पोरांसह राहणाऱ्या जोडप्याचंही हेच आहे. डॉक्टरने गोळी लिहिण्याआधी ‘तुम्ही झोपता कुठे?’ हे विचारलं तर अर्धं निदान तिथेच होईल.

याच जिल्ह्याने २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट देशाला दाखवली. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं उघड झालं. सरकारने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अंगावरून पांढरं जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कित्येकींना कर्करोगाची भीती घातली गेली होती. लाजेने दडवलेलं दुखणं आणि भीती विकणारा माणूस समोरासमोर आले की काय होतं ते या जिल्ह्याने सोसून पाहिलं आहे. पुरुषांच्या बाबतीत पिशवी काढली जात नाही, पण पैसा आणि मनाची शांती दोन्ही जातात. शिवाय पुरुषांसाठी कुणी पाहणी करत नाही. आशाताई घरोघर येतात त्या गरोदर बाई आणि बाळासाठी. पुरुषाच्या खाजगी दुखण्याची चौकशी करायला त्याच्या दारात कुणीच येत नाही.

मग येतो तो जाहिरातवाला, आणि तो पहिल्यांदा वार करतो तो हस्तमैथुनाच्या आठवणीवर. ‘लहानपणीच्या चुकांमुळे आलेली कमजोरी’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. जवळजवळ प्रत्येक पुरुषाने ही ‘चूक’ केलेली असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक पुरुष गिऱ्हाईक होऊ शकतो. हस्तमैथुनाने शीघ्रपतन होत नाही, नसा ढिल्या पडत नाहीत, अवयव वाकडा होत नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं. साठलेलं झोपेत बाहेर पडलं तर ते निरोगीपणाचंच लक्षण. शौचाला जोर लावताना किंवा लघवीच्या शेवटी येणारा चिकट थेंब बहुतेक वेळा ग्रंथींचा साधा स्राव असतो. पण धातू गेला म्हणजे शक्ती गेली ही समजूत आपल्या मनात इतकी खोल आहे की तिच्यापोटी माणसं खरोखर थकतात, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेची वैद्यकीय नोंद ‘धात सिंड्रोम’ या नावाने केली. थकवा खरा असतो, त्याचं कारण मात्र वीर्यात सापडत नाही, भीतीत सापडतं. अनेक रुग्णांत धातूची धास्ती आणि शीघ्रपतन जोडीने येतात आणि धास्ती उतरली की दुसरीही तक्रार अनेकदा कमी होते.

मराठीत हे सांगण्याचं काम जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवलं. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ उत्तरं देत. हस्तमैथुनासारख्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लढवली. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर द्यायचंच नाही का, असा त्यांचा युक्तिवाद होता. निकाल विरोधात गेला, कर्वे यांना २०० रुपये दंड झाला. हरलेल्या या खटल्याबद्दल मला मोठा आदर आहे. पुढे मुंबईत डॉ. विठ्ठल प्रभू, डॉ. प्रकाश कोठारी यांनी मराठी माणसाला समजेल अशा भाषेत हाच धागा चालवला. तरीही ‘समाजस्वास्थ्य’च्या वाचकांनी विचारलेले प्रश्न आजही तसेच विचारले जातात, आणि आता त्यांची उत्तरं बाजार देतो.

त्या बाजाराला कायद्याने मुळात परवानगीच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. औषधे आणि जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ चा आहे. कामसुखाची क्षमता टिकवण्याचं किंवा वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या औषधाची जाहिरात करणं हा या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात तर शीघ्रपतनाचं नावच घातलेलं आहे: हे बरं करण्याचा दावा कोणत्याही औषधाच्या वेष्टनावर करता येत नाही. भिंतीवर रंगवलेली ‘तीन दिवसांत गॅरंटी’ बेकायदा आहे, मग ती कितीही मोठ्या अक्षरांत असो. आणि पुडीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ लिहिलं म्हणून आत तेच असेल असं नाही. अशा पुड्यांमध्ये न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल हे ताठरतेचं औषध अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना सापडलं आहे. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाच्या पोटात ते गेलं तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

परळीत आयुर्वेदाच्या या नावाला एक हळवी बाजू आहे. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी इथल्या ज्योतिर्लिंगात ठेवले गेले अशी इथली कथा आहे. भोवतीच्या डोंगरांतल्या वनस्पतींवर लोकांची श्रद्धा आहे. मला त्या श्रद्धेशी भांडायचं नाही. उलट सांगायचं ते हे की आयुर्वेदाला हा त्रास नवा नाही. चरकसंहितेत वातव्याधींच्या अध्यायात वात शुक्रात गेला तर वीर्य लवकर सुटतं किंवा अडून राहतं असं वर्णन आहे. वात्स्यायनाने तर पुरुषांचे वेळेनुसार शीघ्र, मध्यम आणि चिरकाल असे तीन प्रकारच केले. दोन्ही ठिकाणी हा माणसामाणसांतला भेद म्हणून, तपासून पाहण्याची गोष्ट म्हणून येतो. पापाची शिक्षा म्हणून तो येत नाही. पदवी घेतलेल्या वैद्याने नाडी पाहून, प्रश्न विचारून, नाव लिहून दिलेलं औषध वेगळं आणि यात्रेच्या वाटेवर काचेच्या बरणीतून काढून दिलेली मुळी वेगळी, एवढा भेद भाविकानेही करायला हरकत नाही.

उपचारांकडे येऊ. पहिला उपाय कुणाही डॉक्टरशिवाय समजून घेता येतो. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये तो मांडला. उत्तेजना वाढू द्यायची, ‘आता होणार’ या क्षणाच्या जरा आधी थांबायचं, लाट ओसरू द्यायची, पुन्हा सुरू करायचं. असं तीन-चार वेळा करून मग मोकळं व्हायचं. आधी एकट्याने, मग बायकोच्या हाताने, मग संबंधात. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी त्यात थांबल्यावर शिश्नाच्या टोकाखाली काही सेकंद चिमटीने दाबण्याची भर घातली. दोन्हींनी सुरुवातीला चांगला फरक पडतो, पण सराव सोडला की तो पुष्कळांच्यात टिकत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, म्हणजे लघवी मध्येच अडवताना जे आवळले जातात ते, रोज आवळून सोडण्याचा व्यायामही उपयोगी पडतो. इटलीत चाळीस पुरुषांनी तो बारा आठवडे केला आणि तेहतीस जणांना ताबा आला. अभ्यास छोटा होता, पण खर्च शून्य आणि धोका शून्य, तेव्हा करून पाहावा. निरोधनेही संवेदना थोडी कमी होऊन वेळ वाढते.

या सगळ्या सरावात बायकोला बाजूला ठेवून चालत नाही. नवरा कुशीवर वळतो, बोलत नाही, मग जवळ येणंच टाळू लागतो, आणि तिला वाटतं आपण आवडत नाही किंवा त्याचं बाहेर काही आहे. खरी गोष्ट कळली की कित्येक बायकांना हायसंच वाटतं. शिवाय केवळ योनीप्रवेशाने बहुतेक स्त्रियांना पूर्ण सुख मिळत नाही; स्पर्श, वेळ आणि बोलणं यांची त्यांना जास्त गरज असते. पाच मिनिटांची दहा झाली म्हणून ती आपोआप सुखी होईल हा पुरुषाचा भ्रम आहे. आणि मूल होण्याची काळजी असेल तर तीही बहुधा नको. वीर्य योनीत पडत असेल तर ते एका मिनिटात पडलं की दहा, गर्भधारणेला फरक पडत नाही. प्रवेशाआधीच पडत असेल तर मात्र उपचार लवकर घ्यावा. अशा वेळी सासू सुनेलाच दोन-दोन वर्षं दवाखान्यात फिरवते आणि मुलगा गप्प बसतो, हे फार अन्यायाचं आहे.

औषधं आहेत आणि ती चालतात. लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिरता आणणारं मलम संबंधाआधी वीस-तीस मिनिटं लावायचं आणि संबंधाच्या आधी पुसून धुऊन टाकायचं, नाहीतर बायकोलाही बधिरता येते. डॅपोक्सेटीन ही खास या त्रासासाठी बनलेली गोळी. २००९ मध्ये फिनलंड आणि स्वीडनने तिला पहिली मान्यता दिली. अमेरिकेत ती अजूनही मंजूर नाही, भारतात मिळते. सहसा ३० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते, संबंधाआधी एक ते तीन तास, चोवीस तासांत एकच. मळमळ, डोकेदुखी, चक्कर येऊ शकते, क्वचित माणूस बेशुद्ध पडतो, म्हणून दारूबरोबर ती कधीच घेऊ नये. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल, नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगावं. मेडिकलमधून सिल्डेनाफिलसोबत एकत्र केलेली गोळी चिठ्ठीशिवाय उचलण्याची सवय तर अजिबात नको.

ज्यांना पहिल्या संबंधापासूनचा त्रास आहे त्यांना अनेकदा पॅरोक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी रोजची गोळी दिली जाते. ही नैराश्यावरची औषधं आहेत. सेरोटोनिन वाढवल्यामुळे वीर्यपतन लांबतं हा त्यांचा ‘दुष्परिणाम’ इथे उपचार म्हणून वापरला जातो. हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण दुकानात कुणीतरी ‘ही तर डोक्याची गोळी’ म्हणतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी पाकीट फेकून देतो.

परळीच्या माणसाने जायचं कुठे? उपजिल्हा रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला साखर, थायरॉइड, लघवी यांची प्राथमिक तपासणी लिहून देता येते. पुढे पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचाराची चिठ्ठी काढायला लाजू नये. हा त्रास त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. गावात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर दुसऱ्या गावी जाणं यातही काही गैर नाही. आधी फक्त बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरसमोर बसल्यावर अशक्तपणापासून सुरुवात करू नका. संबंध सुरू झाल्यावर साधारण किती वेळात होतं, पहिल्यापासून असं आहे की अलीकडे, प्रत्येक वेळी की कधीमधी, ताठरता नीट येते का, कोणत्या गोळ्या, पुड्या किंवा व्यसनं चालू आहेत आणि मूल हवं आहे का, एवढं सांगितलं की त्यांचं काम सोपं होतं. शेवटच्या प्रश्नाचं कारण असं की रोज घ्यायच्या काही गोळ्यांचा शुक्रजंतूंच्या प्रतीवर परिणाम होऊ शकतो. रोजच्या गोळीचा पूर्ण गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात. या काळात मन फार खचलं किंवा जीव नकोसा वाटू लागला, विशेषतः तरुण मुलाला, तर लगेच डॉक्टरला गाठायचं. गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही, ती हळूहळू उतरवावी लागते. महिनाभराने परत दाखवायला जायचं. पहिल्या औषधाने फरक पडला नसेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात, आणि पुष्कळांना दुसऱ्या खेपेला गुण येतो.